लहान अंगाचा सूर

आषाढात ज्ञानोबांची पालखी लोणंद सोडते, चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं आणि तरडगावचा मुक्काम करून सोहळा फलटणला येतो. त्या अफाट गर्दीत माझे डोळे विणेकऱ्याला शोधत असतात. दिंडीत टाळ कितीही असोत, वीणा एकच. गळ्यात अडकवलेली, छातीशी धरलेली, चार पावलांवर ऐकूही येणार नाही एवढ्या आवाजाची. तरी तिचा मान सर्वांत मोठा. सप्ताहात ती अहोरात्र उभी असते. पहारा बदलला की एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, खाली टेकत नाही. लहान अंगाच्या वाद्याला एवढा आदर देणारी आपली परंपरा आहे, याचा मला अभिमान वाटतो.

लहान वाद्य माणसाबरोबर चालतं, त्याच्या मांडीवर बसतं, त्याच्या श्वासाच्या अंतरावर वाजतं. ही ओढ एकट्या वारीची नाही. ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हा जर्मन कारागीर 1833मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि पुढे पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावी त्यानं गिटारी घडवल्या. त्या काळची गिटार अरुंद कमरेची, लहान अंगाची, आतड्याच्या ताती लावलेली. घरातल्या बैठकीत वाजायची. पुढे मोठ्या आवाजाची मागणी वाढली. 1916मध्ये त्याच घराण्याच्या कारखान्यात रुंद अंगाची गिटार तयार झाली आणि तिला चक्क एका ब्रिटिश युद्धनौकेचं नाव मिळालं. आज कितीतरी कारागीर पुन्हा जुन्या घाटाच्या लहान गिटारीकडे वळले आहेत. मोठा आवाज यंत्र देतं. जवळचा आवाज हातानंच घडवावा लागतो.

आपल्याकडे असे हात मिरजेत आहेत. फलटणहून वारीची वाट पूर्वेला पंढरपूरकडे जाते आणि त्याच भीमाकाठच्या शेतांत, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, कडू भोपळा पिकतो. खाण्याच्या उपयोगाचा नाही, वाद्यासाठीच पिकवायचा. वेलावर वाढवायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि मग तो मिरजेला जातो. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. हत्यारांना धार लावणारे हे लोक. तलवारींचे दिवस सरले, तेव्हा पात्यावर फिरणारा तो अचूक हात दांडीवर आणि तारा पेलणाऱ्या घोडीवर फिरू लागला. धातूची धार ओळखणाऱ्याला सुराची धारही कळली, असं मला मनापासून वाटतं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, 1937मध्ये गेल्यावर तिथेच मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. ज्यांच्या गाण्यात सुराला सर्वांत वरचं स्थान होतं, त्यांच्या गावात तंबोरे घडत राहिले.

भोपळा आला की कारागीर आधी तो न्याहाळतो. वाद्याचं माप तोच ठरवतो. त्याच्या घेरावर गळा आणि तबली बेतायची. तोंड कापून बिया काढतात, पाण्यात भिजवतात, आतून काड्यांचा टेकू देऊन घाट धरायला लावतात. दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. पुरुषांचा तंबोरा मोठा, बायकांचा त्याहून लहान, चढ्या पट्टीचा. आणि प्रवासासाठी तंबोरी: अडीच-तीन फुटांची, भोपळ्याऐवजी चपट्या पेटीची. तंबोरीत चूक लपत नाही. पोकळी आधीच कमी. तबली जराशी जाड राहिली तर सूर आत कोंडतो, फार पातळ झाली तर तारांच्या ताणानं बसते. कारागीर बोटानं टिचकी मारून ऐकतो, थोडं तासतो, पुन्हा ऐकतो.

मग तारा चढवायच्या. खाली लंगोटाला अडकवलेली तार मण्यातून, घोडीवरून, वर अटीवरून खुंटीपर्यंत जाते. खुंटी घसरू नये म्हणून तिला खडू लावतात. पंचम, मधली पोलादी जोडी आणि शेवटी पितळी खर्ज. नवी तार लगेच स्थिरावत नाही. ओढावी, उतरू द्यावी, पुन्हा चढवावी. बारीक फरक मण्यानं मिळवायचा.

एवढं करूनही तंबोरा अजून मुकाच असतो. त्याला बोलतं करते जवारी. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला नजरेला न दिसणारा उतार असतो. तार कंप पावताना त्या उतारावर टेकत-सुटत राहते. कानस अगदी हलकी फिरवायची, तार बसवून ऐकायचं, पुन्हा उतरवून घासायचं. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवायचा. धागा केसभर पुढेमागे होताना एका क्षणी सूर उमलतो, पहाटे दार उघडल्यावर उजेड घरात शिरावा तसा. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर लिहिलं, ते याच घोडीमुळे. तार ज्या जागी छेडली त्यामुळे नियमानुसार जे उपस्वर उमटायलाच नकोत, तेही तंबोऱ्यात स्पष्ट ऐकू येतात, हे त्यांनी दाखवलं. खर्जातून न छेडलेला गांधार उमटतो, तोही एक उपस्वरच.

लहान तंबोरीचं रहस्यही यातच आहे. तिच्या छोट्या पोकळीला खर्जाचा पाया पुरता पेलत नाही. पण जवारी चांगली असेल तर वरचे उपस्वर इतके भरघोस येतात की त्यांच्यावरून कान तो खालचा सूर स्वतः रचून घेतो. देहात नसलेला खर्ज ऐकणाऱ्याच्या आत वाजतो. म्हणून मी आकाराला भुलत नाही. घोडीवर कुणाचा हात फिरला आहे ते विचारतो.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकनानं जवारी लागत नाही. ती लावणारा माणूस लागतो आणि त्याला काम लागतं. फोनमधला तंबोरा सोयीचा आहे, रियाजाला उपयोगी आहे. मात्र तो आपल्याला सूर लावायला शिकवत नाही, कारण तो आधीच लागलेला असतो. खुंटी पिळताना, मणी सरकवताना, जोडीच्या दोन तारा एकमेकींत विरघळेपर्यंत वाट पाहताना जो कान तयार होतो, तो दुसऱ्या कशानं होत नाही.

सातारा-सांगलीच्या कितीतरी घरांत आजी-आत्याचा तंबोरा गवसणीत पडून असेल. तो बाहेर काढा. घोडीवर तारांच्या खाचा पडल्या असतील तर मिरजेला न्या, जवारी काढून घ्या, नव्या तारा चढवून आणा. घरात मूल गाणं शिकत असेल तर त्याच्या मांडीवर मावेल अशी एक तंबोरी त्याला करून द्या, आणि ती लावायला त्याचं त्याला शिकू द्या.