लढाई लवकर संपवा!

सुट्टीत सुरतेला घरी गेलो की उधन्यातल्या आमच्या खोलीवर चौघांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ रंगतो. १९७४ साली गायगॅक्स व आर्नेसन यांनी अमेरिकेत काढलेला हा खेळ. एकाने गोष्ट सांगायची, इतरांनी तिच्यातली पात्रे व्हायचे. पण लढाई जुंपली की गोष्ट अडते. आम्ही सारे मराठी शाळेतले. इंग्रजी नियम चाळण्यातच वेळ जाई. एक मित्र सातला लूमवर रात्रपाळीला जातो. दोन तासांत त्याचा डाव दोनदाच आला. “राक्षस मरेपर्यंत माझी नोकरी जाईल,” म्हणून तो उठला आणि चार दिवस फिरकलाच नाही.

मग मी नियम एका पानावर मराठीत उतरवले. वार लागला का आणि इजा किती, हे दोन्ही फासे एकदम टाकायचे. राक्षसासाठी इजेचा फासा नाहीच. आठ बाजूंच्या फाशाची सरासरी साडेचार, म्हणून चार धरायचे. कॉमर्सचा एवढा तरी उपयोग! क्रम बसल्या जागेप्रमाणे. निम्मे शत्रू पडले की उरलेले पळतात.

पाचव्या दिवशी मित्राला ओढून आणले. पाऊण तासात लढाई आटोपली. सातला दहा मिनिटे कमी होती. तो उठला नाही. म्हणाला, “आता गोष्ट सांग.”