हलके भांडे

भांडे घ्यावे ते जड घ्यावे, अशी शिकवण आम्हां चौघांच्याही घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. पेठेत गेल्यावर आजी पातेले प्रथम हातात तोलून पाहणार, मग टिचकी मारून त्याचा नाद ऐकणार आणि त्यानंतरच दुकानदारास ते तराजूत घालावयास सांगणार. पितळ असो, तांबे असो की जर्मन असो, सारे वजनावर घ्यावयाचे. (ॲल्युमिनियमला आमच्याकडे 'जर्मन' म्हणतात. आमच्या आज्यांना दुसरे नाव सांगून पटत नाही.) अशा घरांत वाढलेल्या आम्हांवर हलके भांडे शोधत फिरण्याची पाळी आली, याचे कारण मात्र गमतीचे नाही.

२०२३ च्या डिसेंबरात आम्ही पारगडास पायी गेलो होतो. बेळगावहून पाटणे फाट्यापर्यंत मोटार आणि तेथून पुढे पायपीट. बरोबर जाड बुडाचे स्टीलचे पातेले होते. झाकणासह अडीच किलो. ते कोणी वाहावे यासाठी चिठ्ठ्या टाकल्या आणि आमच्यातील सर्वांत किरकोळ अंगाच्या मित्राचे नाव निघाले. चिठ्ठीचा न्याय निःपक्षपाती खरा. पण खांदे काही सर्वांचे सारखे नसतात. वाटेत तो चकार शब्द बोलला नाही. आम्ही तिघे पुढे गाणी म्हणत होतो. गडावर भवानीच्या देवळाजवळ त्याने पाठपिशवी उतरवली, तेव्हा त्याच्या सदऱ्यावर रक्ताचा डाग दिसला. पातेल्याचा काठ दिवसभर पाठीस घासत होता. त्या रात्री पिठले-भात झकास जमला होता, तरी तो कोणासच गोड लागला नाही. परतताना ओझे आम्ही तिघांनी आळीपाळीने घेतले. "पुढच्या वर्षी माझी चिठ्ठी घालू नका," एवढेच तो म्हणाला. तो रागावून बोलला असता, तर आम्हांस बरे वाटले असते.

तेव्हा पुढील प्रवासाची तयारी आम्ही तिघांनी भांड्यापासूनच सुरू केली. आमच्या खजिनदारांचे मामा पुण्यास असतात आणि दरवर्षी हिमालयात एकटेच भटकतात. त्यांनी दिवाळीत आपले टायटॅनियमचे भांडे आम्हांस चार दिवस वापरावयास दिले. पाऊण लिटरहून थोडे अधिक पाणी मावणारे ते राखी रंगाचे भांडे हातात घेतले आणि आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. वाण्याच्या काट्यावर ते एकशे वीस ग्रॅम भरले! किंमत मात्र साडेतीन हजार. म्हणजे येथे सारा व्यवहारच उलटा. वजन जितके कमी तितके मोल अधिक. आजीने ते उलटसुलट करून पाहिले, टिचकी मारली आणि "हे वाऱ्याने उडेल," असा अभिप्राय देऊन खाली ठेवले.

आमची समजूत अशी की टायटॅनियम हा सर्वांत हलका धातू असावा. विज्ञानाच्या गुरुजींनी ती दूर केली. ॲल्युमिनियमची घनता २.७, तर टायटॅनियमची ४.५, म्हणजे तो ॲल्युमिनियमहून चांगला दीडपटीपेक्षा जड! त्याचा गुण आहे तो बळकटपणाचा. भांड्याचा पत्रा कागदासारखा पातळ काढला तरी तो सहजासहजी चेपत नाही, म्हणून भांडे हलके होते. १७९१ साली विल्यम ग्रेगर नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकास कॉर्नवॉलमधील काळ्या वाळूत हे द्रव्य प्रथम आढळले आणि क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ग्रीक पुराणांतील टायटनांवरून १७९५ मध्ये त्याचे नाव ठेवले. तशी काळी वाळू आमच्या जवळच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे, हे ऐकून आम्हांस उगाच अभिमान वाटला. परंतु वाळूपासून शुद्ध धातू मिळविणे हे फार खटपटीचे व खर्चाचे काम. साडेतीन हजारांचा उलगडा थोडासा तेथे झाला.

मग परसात गॅसची लहान शेगडी पेटवून परीक्षा मांडली. पाणी पाहता पाहता उकळले. आम्ही टाळ्या पिटल्या. नंतर आमच्या बल्लवाचार्यांनी त्यात तांदूळ वैरले. दहा मिनिटांनी करपल्याचा वास सुटला. भांडे उपडे केले तो बुडाशी ज्वाळेच्या आकाराचे काळेभोर वर्तुळ आणि वरचा भात कच्चा! टायटॅनियम उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियमच्या सुमारे एक दशांश. त्यात पत्रा पातळ. ज्वाळा जेथे लागेल तेथेच ते तापते, कडेला पोहोचवीत नाही. मामांचे त्यावाचून अडत नाही, कारण ते एकटे असतात, पाणी उकळतात आणि पुडीतल्या सुक्या अन्नावर ओततात. आम्ही पडलो भातखाऊ, त्यातही चौघे. चारशे ग्रॅम तांदूळ त्या भांड्यात तीन वेळा शिजवावे लागले असते. तेवढा गॅस अधिक न्यावयाचा म्हणजे भांड्यात वाचलेले वजन पुन्हा पाठीवर येणार. मोठी टायटॅनियमची पातेलीही मिळतात. त्यांच्या किमती ऐकून खजिनदारांनी वही मिटली. मामांचे भांडे घासून (तीन दिवस घासत होतो) परत केले. एक गोष्ट खरी, की त्यास आंबटाचे भय नाही; जर्मनच्या भांड्यात आमसुलाचे सार फार वेळ ठेवता येत नाही.

शेवटी गणपत गल्लीत गेलो आणि दुकानदारास तीन लिटरचे सर्वांत हलके पातेले मागितले. गृहस्थ चमकले. "पोरांनो, हलके कशाला घेता? महिन्यात चेपेल. थोडे जड घ्या, आयुष्यभर टिकेल." त्यांच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. तरीही आम्ही मांडणीवरची सगळी पातेली एकामागून एक काट्यावर चढवली. चारशे तीस ग्रॅमचे एक निघाले. झाकण घेतलेच नाही. जेवणाचे एक ताट वर नीट बसत होते. आणि सांडशी घरची.

हे पातेले घेऊन आम्ही तिघे मित्राच्या घरी गेलो. काय बोलावे ते ठरवून गेलो होतो, पण दारात सारे विसरलो. त्याने पातेले एका बोटावर तोलले, आत तांदळाची पिशवी बसते का ते पाहिले, आणि काठाभोवती जुन्या टॉवेलची घडी बांधावी अशी सूचना केली. ती सूचना गेल्या वर्षी आम्हांपैकी एकासही सुचली नव्हती.

२०२४ च्या डिसेंबरात आम्ही चौघे पुन्हा पारगडास गेलो. चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. पहिल्याच मुक्कामी पातेल्यास एक पोचा पडला. दुकानदारांचा महिनाही भरला नाही. भात चांगला मोकळा झाला, बुडास किंचित लागला. बल्लवाचार्य वरमले. आमचा मित्र पातेले मांडीवर घेऊन चमच्याने खरवड काढून खात होता. पुढच्या वेळी चार लिटरचे घ्यावे, तीन लिटरांत आपले भागत नाही, असे तो म्हणाला.