पाय त्याचे, डोकेही त्याचेच

2016 मध्ये कॉलिन केपरनिक राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकून बसला, तेव्हा आम्ही अमेरिकन फुटबॉलकडे वळलो. खेळ कळत नव्हता, माणूस कळला होता. मग खेळही शिकून घेतला.

हा फुटबॉल मुख्यतः हाताने खेळतात. क्वार्टरबॅक हा संघाचा मेंदू. चेंडू कोणाला फेकायचा की स्वतः घेऊन पळायचे, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचे. जुन्या प्रशिक्षकांचा आदर्श एकच : सहकाऱ्यांच्या कड्याआड उभा राहून चेंडू फेकणारा. पळणारा तो कच्चा. आणि हा 'कच्चा' शिक्का बहुतेक वेळा कोणावर बसला? काळ्या खेळाडूंवर! मार्लिन ब्रिस्कोने 1968 मध्ये डेन्व्हरसाठी क्वार्टरबॅक म्हणून चमक दाखवली. पुढच्याच वर्षी त्याला बफेलोत चेंडू झेलणारा व्हावे लागले. वॉरन मूनला 1978 मध्ये एकाही संघाने निवडले नाही. तो कॅनडात गेला आणि तिथे सलग पाच अजिंक्यपदे जिंकला.

लामार जॅक्सनलाही 2018 मध्ये 'तू झेलणारा हो' असा सल्ला जाणत्यांनी दिला. तो ऐकला नाही. बाल्टिमोरचे प्रशिक्षक जॉन हार्बॉ यांनी मात्र शहाणपणा केला. 2019 मध्ये संघाची सारी आक्रमणरचनाच त्याच्याभोवती नव्याने बांधली. तो 1206 यार्ड पळाला, आणि एकही मत विरोधात न जाता मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

विरोधक म्हणतात, पळणारा लवकर मोडतो. रॉबर्ट ग्रिफिनचे उदाहरण देतात. पण जानेवारी 2013 मध्ये त्याचा गुडघा आधीच दुखावलेला असताना त्याला मैदानावर ठेवले गेले होते. दोष पळण्याचा, की जखमी माणसाला खेळवणाऱ्यांचा?

म्हणजे प्रशिक्षकाने खेळाडूला त्याच्या बळावर खेळू द्यावे, हे आम्हाला मान्य. पण बळ कोणते, हे कोण ठरवणार? 'याचे पाय बघा' असे कौतुक करता करता डोके नाकारता येते. हा डाव आपल्याला नवा नाही. बाळू पालवणकरांनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. त्यांचा डावा हात हिंदू संघाला हवा होता. कर्णधारपद मात्र त्यांना कधीच दिले नाही. ते 1923 मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले, तेही मोठ्या झगड्यानंतर.

आम्ही स्वतः एका पुरोगामी म्हणवणाऱ्या संघटनेत काही वर्षे होतो. मोर्चा निघाला की घोषणा द्यायला आम्ही, डफ वाजवायला आम्ही. 'तुमच्या आवाजात काय धार आहे हो!' असे कौतुकही व्हायचे. ठरावाचा मसुदा लिहायची बैठक मात्र आमच्याशिवाय आदल्या रात्रीच उरकलेली असायची. आमची ताकद ओळखली होती त्यांनी, पण आवाजापुरतीच. खरे सांगायचे तर त्या कौतुकाने आम्हीही काही काळ सुखावलो होतो.

म्हणून लामारचा दुसरा आकडा आम्हाला मोठा वाटतो. त्याच 2019 मध्ये त्याच्या फेकीवर 36 टचडाउन झाले, संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक. समोरच्याचा बचाव वाचल्याशिवाय हे होत नाही.

परवा एका तरुण कार्यकर्त्याने 'काय पळतो राव!' म्हणत लामारची चित्रफीत पाठवली. आम्ही त्याला त्या 36 फेकींची पाठवली. अजून उत्तर आलेले नाही.