करोडगिरीच्या सरहद्दीवर

"नवं लुगडं गाठोड्यात बांधायचं नाही, नेसूनच निघायचं," आत्या एकदा सहज बोलून गेली. तिच्या सासूबाईंचं माहेर वाशीमचं, सासर हिंगोलीकडचं. माहेराहून परतताना गाठोड्यातल्या कोऱ्या कापडाला करोडगिरी पडायची, अंगावरच्या लुगड्याला कोण हात लावणार? निजामाच्या राज्यात जकातीला करोडगिरी म्हणत. एवढ्या एका वाक्यापायी मी हिंगोली-वाशीम रस्त्यावर, जुन्या सरहद्दीवरल्या कनेरगाव नाक्याला निघालो.

हिंगोलीत जो भेटला त्यानं औंढ्याला आणि नर्सीला जायला बजावलं. नागनाथाचं उभ्याउभ्या दर्शन घेतलं, नर्सी राहूनच गेली. लॉजवर गरम पाणी सकाळी तासभर मिळे आणि तेही नळाला चुकून आलं तर. अंघोळ न करताच प्राध्यापकमहाशयांच्या स्कूटरवर मागं बसलो. हे इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, आणि निजामाच्या कारभाराबद्दल त्यांचा जीव हळवा.

कनेरगावात पाहण्यासारखं काय? वाशीमचा रस्ता, टपऱ्या, सोयाबीन खरेदीच्या पाट्या, जवळच पैनगंगा. करोडगिरीच्या जुन्या चौकीची चौकशी केली तर चहावाल्यानं पोलीस चौकीकडं बोट दाखवलं. मला मात्र तिथून हलवेना. पलीकडचा वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या ताब्यात गेला, अलीकडचा मुलूख निजामाकडंच राहिला. एकाच काळ्या मातीत त्यामुळं दोन तऱ्हेच्या सुधारणा उगवल्या.

अमेरिकेतल्या यादवीनं कापसाचा भाव भडकला आणि वऱ्हाड मँचेस्टरच्या डोळ्यांत भरला. १८६७ पर्यंत आगगाडी नागपूरला पोचली, १८८६ साली कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडाला बाजाराचा कायदाही मिळाला. हैदराबादेत तसा कायदा व्हायला १९३० उजाडलं. पूर्णेहून निघालेली निजामाची गाडी १९१२ साली हिंगोलीला आली आणि तिथंच थांबली. पुढं वऱ्हाडात जायला तिला स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली. पैसासुद्धा वेगळा: निजामाचे सात हाली रुपये द्यावे तेव्हा इंग्रजांचे सहा कलदार हातात पडत.

"पण दिवाण सालारजंगांनी मोडकळीला आलेला कारभार उभा केला हे तुम्ही विसरता," सर म्हणाले. "१९२९ साली एक कोटीचा औद्योगिक निधी काढणारं संस्थान दुसरं दाखवा! निजामसागर, बोधनचा साखर कारखाना, सिरपूरची कागद गिरणी..."

"सर, यातलं मराठवाड्यात काय आलं?"

"नांदेडची उस्मानशाही गिरणी. परभणीचं कापूस संशोधन. गावरानी कापूस काय थोडा होता?"

ते खरंच. परभणीचं काम मोलाचं होतं, मी वाद घातला नाही. पण धरणाचं पाणी तेलंगणात, कारखाने बहुतेक तिकडंच, आणि इथल्या कुणब्याला सरकार भेटायचं ते सारा वसूल करणाऱ्या पटवाऱ्याच्या आणि नाक्यावरच्या शिपायाच्या रूपात. सरांनी लगेच रशियाचा दाखला काढला: झारचे अर्थमंत्री विट्टे यांनीही शेतकऱ्यांवर कर लादून आणि धान्य परदेशी पाठवूनच सैबेरियाची रेल्वे बांधली, सगळीकडं असंच चालतं. मी म्हटलं, चालतं, पण ज्याच्या जिवावर चालतं तो फार काळ गप्प बसत नाही, रशियातही बसला नाही. यावर सरांनी चहा परत मागवला.

१९४७-४८ मध्ये वऱ्हाडच्या बाजूनं सरहद्दीवर हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या छावण्या उभ्या राहिल्या. तिथल्या पोरांच्या निशाण्यावर काय काय होतं, तर शिंदीची झाडं आणि करोडगिरीचे नाके. शिंदी तोडली की अबकारीचं उत्पन्न बुडे, नाका जाळला की जकातीचं. ज्या उत्पन्नावर राज्याची आधुनिकता उभी होती, नेमकी तीच मुळं. मला हे कुठल्याही अहवालापेक्षा अचूक अर्थशास्त्र वाटतं. सरांना ती नासधूस वाटते. चुलीतलं लाकूड आणि जळणारा नाका यांत त्यांना फरक दिसत नाही, असं मी चिडून बोललो आणि ते हसले.

एव्हाना ऊन टळटळीत चढलं होतं. हळदीची पोती लादलेला टेम्पो रस्त्याकडेला थांबला. चालकानं पंक्चर काढणाऱ्याला हाका मारल्या आणि मग आमच्याकडं वळून विचारलं, "वाशीमात आज सोयाबीनचा भाव काय निघाला, काही कळलं का?" सरांनी मोबाइल काढून सांगितला. त्यावर त्यानं अशी शिवी हासडली की ती कुणाला होती, व्यापाऱ्याला का सरकारला, यावर आमचा परतीच्या वाटेवर नवा वाद सुरू झाला.