रंगाआधी भिंत

पाऊस सरला, की बेळगावच्या शहापूर भागातील घरांच्या भिंती बोलू लागतात. पन्हळीखाली शेवाळाचे काळे ओघळ, जोत्यालगत तांबड्या मातीचे शिंतोडे आणि पश्चिमेच्या झोडीने सुटलेले पोपडे. गेल्या आश्विनात आमच्या घराचीही हीच अवस्था होती. मातोश्रींचे वय शहाऐंशी. या दिवाळीत घर वडिलांच्या वेळेसारखे दिसावे, एवढीच त्यांची इच्छा. आमची निवृत्ती जवळ आलेली आणि बाजूला काढलेली रक्कम बेताची.

त्यापूर्वी एकदा आम्ही स्वस्त मिळाला म्हणून आतल्या भिंतींचा डिस्टेंपर बाहेरून लावला होता. मृगाच्या पहिल्या सरींनीच तो अंगणात उतरवला. म्हणून या खेपेस आधी पाहावे, मग घ्यावे असे ठरवून एका रविवारी आम्ही पायीच निघालो.

संस्थाने विलीन होईपर्यंत शहापूर सांगलीकरांकडे होते. विणकरांच्या या जुन्या वस्तीतील काही घरे अजूनही चुन्याच्या गिलाव्याची आहेत. त्यांच्या पायथ्याशी हात-दीड हात उंचीचा गेरूचा पट्टा दिसला. तांबड्या मातीचे शिंतोडे तांबड्या रंगात लपतात. यातले शहाणपण आमच्या ध्यानी इतक्या वर्षांनी आले. गडद निळी, जांभळी घरे मात्र उन्हाने विटलेली होती. गेरू आणि पिवडी ही मातीची रंगद्रव्ये उन्हाला सहज दाद देत नाहीत.

कपिलेश्वराजवळचा रेल्वेपूल ओलांडून खडेबाजारात आलो. दुकानदार आमचा जुना विद्यार्थी निघाला. आम्ही किंमत विचारताच तो म्हणाला, "सर, भिंत कसली आहे ते आधी सांगा."

क्षणभर आम्हीच विद्यार्थी झालो. घराची मागची भिंत जुन्या चुन्याच्या गिलाव्याची, तर पुढची व बाजूची पुढे सिमेंटने गिलावा केलेली. त्याने समजावले, की चुन्याच्या भिंतीला चुनाच बरा. तो ओल आत कोंडत नाही आणि सर्वांत स्वस्तही पडतो. सिमेंट पेंटही स्वस्त, परंतु तो जुन्या चुन्यावर किंवा डिस्टेंपरवर धरत नाही. ते थर खरवडावे लागतात, लावण्यापूर्वी भिंत भिजवावी लागते आणि लावल्यावरही पाणी मारावे लागते. बाहेरचे अ‍ॅक्रिलिक इमल्शन महाग, पण पावसात अधिक टिकते. एका लिटरमध्ये दोन हातांचे साधारण ५० चौरस फूट होतात. खिडक्या-दारे वजा जाता आमच्या दोन भिंती ६०० चौरस फूट. म्हणजे १२ लिटर पुरे. पैसे झोड खाणाऱ्या भिंतींवर खर्चावे, मागे चुना काढावा, असा हिशेब बसला.

निघताना तो म्हणाला, "सर, ओल तपासल्याशिवाय डबा नेऊ नका."

त्याच्या सांगण्यावरून फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी भिंतीला चिकटवून रात्रभर ठेवला. सकाळी आतून पाण्याचे थेंब! वर पाहिले, तर पन्हळीला भोक. दिवाळी बारा दिवसांवर होती.

आम्ही भीत भीतच म्हणालो, "आई, या दिवाळीला भिंती अशाच राहतील."

त्या म्हणाल्या, "राहू देत. तुझे वडील दसऱ्याला पन्हळ बघायचे आणि चुना थंडीत काढायचे. ओल्या भिंतीला रंग धरतो होय रे?"

ज्ञानासाठी खडेबाजारापर्यंत पायपीट केली, ते घरातच बसले होते! दिवाळीत पणत्या पोपड्यांच्या भिंतीपुढेच लागल्या. पन्हळ दुरुस्त झाली. शेवाळावर ब्लीचिंग पावडरचे पाणी मारून, तारेच्या ब्रशने घासून भिंती धुतल्या आणि उन्हात वाळू दिल्या. मार्गशीर्षात पुन्हा प्लॅस्टिक लावले. ते कोरडे निघाले, तेव्हाच प्रायमर व वर पिवडीच्या छटेचे दोन हात दिले. पायथ्याशी गेरूचा पट्टा ओढला. मागच्या भिंतीला गाळलेल्या चुन्याचे तीन हात झाले.

काम संपल्यावर मातोश्री ओट्यावर आल्या. त्यांनी भिंतीवरून तळहात फिरवला आणि उजेडात धरून पाहिला. हात कोरा होता.

"आता बघू मृग," एवढेच म्हणाल्या. यंदाचा मृग आम्ही दोघांनी ओट्यावर बसून पाहिला. अंगणातून वाहणारे पाणी नितळ होते.