लहरींचा शेजारधर्म

मी पेशाने शिक्षक आहे, आणि सवडीने कादंबऱ्या लिहितो. या दोन्ही धंद्यांत माणसाला एक खोड जडते. लोक आपले ऐकत आहेत, असे तो गृहीतच धरून चालतो. कुणी ऐकत नसेल, तर दोष अर्थातच ऐकणाराचा! २०२० साली माझ्या या समजुतीला चांगलाच तडा गेला.

त्या वर्षी शाळेला कुलूप लागले आणि आम्हां मास्तरांचे वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरू लागले. डोंबिवलीतल्या आमच्या जुन्या इमारतीत, माझ्या भिंतीला भिंत लावून राहणारा एक मुलगा माझ्याच सातवीच्या वर्गात होता. घरी मी त्याचा 'काका', वर्गात 'सर'. पण पडद्यावर हा पठ्ठ्या माझ्याकडे कधी बघायचाच नाही. चेहरा सदा बाजूला वळलेला. प्रश्न विचारावा तर उत्तर नाही. मधूनच त्याचे चित्र गोठे, मधूनच तो साफ अदृश्य होई. दोन आठवडे मी सोसले आणि मग त्याच्या नावापुढे शेरा मारला, 'लक्ष नाही.' त्याच्या आईलाही जिन्यात गाठून चार शब्द ऐकवले.

दुसऱ्या दिवशी त्याची थोरली बहीण दारात उभी. मुलगी इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेला होती. "काका, तुमचं वायफाय कुठल्या चॅनेलवर आहे, बघू का जरा?"

तिने आपल्या मोबाइलवर एक चित्र दाखवले. एकमेकांच्या अंगावर रेललेल्या डोंगरांची रांगच ती! एकेक डोंगर म्हणजे इमारतीतले एकेक घर. "आणि हा मधला तुमचा. तुम्ही तीन नंबर का घेतलात?"

मी जरा ऐटीतच सांगितले की, सगळी मंडळी एक, सहा आणि अकरावर दाटी करून बसली होती. तीन रिकामा दिसला, घेतला. जन्म लोकलमध्ये गेलेला माणूस मी. तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळवण्याची कला माझ्या अंगात मुरलेली!

"लहरींत चौथी सीट नसते, काका," ती म्हणाली.

मग तिने मला धडा दिला. आमच्या जुन्या यंत्रांना मिळालेली लहरींची पट्टी २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्‌झ एवढीच. तिच्यात आपल्याकडे एक ते तेरा असे आकडे मांडलेले आहेत. दोन आकड्यांत अंतर ५ मेगाहर्ट्‌झचे, पण बोलणाऱ्याला ऐसपैस जागा लागते सुमारे २० ची. म्हणजे बाकावर आकडे तेरा असले, तरी एकमेकांना धक्का न लावता बसणारे तिघेच: एक, सहा आणि अकरा.

त्यातही एक गंमत आहे. दोन यंत्रे एकाच आकड्यावर असली, तर ती आधी कानोसा घेतात. दुसरे बोलत असेल, तर थांबतात. काम सावकाश होते, पण होते. मात्र ती अर्धवट एकमेकांच्या अंगावर आली, की एकाचे बोलणे दुसऱ्याला नुसता कलकलाट वाटते. मग कुणी कुणासाठी थांबत नाही आणि कुणाचेच धड पोचत नाही. मी तीनवर बसून एक आणि सहा अशा दोघांच्या पायांवर पाय दिला होता. त्या मुलाचे घर होते एकवर, आणि माझे यंत्र टांगलेले आमच्या मधल्या भिंतीवर. माझा धडा त्याच्यापर्यंत पोचू न देणारा मीच होतो!

ही अडचण तशी जुनीच. लहानपणी रात्री रेडिओवर एका केंद्राच्या बातम्यांत दुसऱ्याचे गाणे मिसळलेले मी ऐकले आहे. मध्यमलहरी रात्री वरच्या वातावरणावरून परतून शेकडो मैल जातात. म्हणून १९७५ साली जिनिव्हाला देशोदेशींचे लोक जमले, आणि १९७८ च्या नोव्हेंबरपासून आपल्याकडचीही केंद्रे ९ किलोहर्ट्‌झच्या अंतराने बसवली गेली. मोबाइलच्या पहिल्या पिढ्यांत गावाचे पोळ्यासारखे षटकोनी भाग पाडत. शेजारच्या भागाला वेगळ्या लहरी, दूरच्याला पुन्हा त्याच. पण घरातल्या वायफायच्या या पट्टीला २००५ पासून परवाना लागत नाही. तिथे कुणी वाटणी करून देत नाही. ती शेजाऱ्यांनीच करायची.

रविवारी आम्ही ती केली. चार मजले, मजल्यावर तीन बिऱ्हाडे. मी कागदावर इमारत काढली आणि तीन रंगांचे खडू घेतले. सपाट नकाशा कितीही गुंतागुंतीचा असो, चार रंग पुरतात, हे १९७६ साली सिद्ध झाले आहे. आमच्यापाशी रंग तीनच. शेवटी वेळापत्रक फिरवतात तसे केले. पहिल्या मजल्यावर एक, सहा, अकरा. दुसऱ्यावर सहा, अकरा, एक. तिसऱ्यावर अकरा, एक, सहा. चौथ्यावर पुन्हा पहिल्यासारखे. भिंतीला लागून किंवा डोक्यावर, पायाखाली आता सारखा आकडा कुणाचाच उरला नाही. तिरप्या शेजाऱ्यांचे जुळले, पण त्यांनी एकमेकांसाठी थांबावे! एक-दोघे कुरकुरले. त्यांना वाटत होते, जास्त जोराचे यंत्र आणले की झाले. वर्गात सगळी पोरे आवाज चढवतात तेव्हा काय होते, ते मी त्यांना सांगितले.

सोमवारी पडद्यावर तो मुलगा प्रथमच माझ्याकडे बघत होता. मी तो शेरा खोडला.

दिवाळीत तो फराळाचे ताट घेऊन आला. मी म्हटले, "बाळा, चूक माझी होती. उगाच तुला बोललो."

"पण मला सगळं ऐकू यायचं, काका."

"कसं?"

"भिंतीतून. कान लावून बसायचो ना! म्हणून तर तोंड तिकडे असायचं."

मग तो आपली वही घेऊन आला. तिच्यात माझा एकही धडा चुकलेला नव्हता.