मूळपुरुष घरजावई निघाला

पिढ्यांची वही वाचणाऱ्या त्या हेळव्याला काकांनी पायलीभर जोंधळेही न देता दारातून घालवलं, ते मला अजून खुपतं.

आमचं माहेर केतूर, तालुका करमाळा. १९८० ला उजनी धरण पुरं झालं, जुनं गाव पाण्याखाली गेलं. आता केतूर नं. १ आणि नं. २ आहेत. वांगी गावाच्या तर चार झाल्या. घरात सांगत आले ते असं : मूळपुरुष १७६१ ला पानिपतावरून जिवंत परतला आणि भीमाकाठी वतन मिळवून राहिला. आमच्या भागातल्या निम्म्या भावक्या पानिपताहूनच आल्यात. एवढे परतले असते तर लढाई हरलोच नसतो!

हेळवी टेम्पोतून आला. ओसरीवर बसून लाल फडक्यातली वही सोडली, ओळीवर बोट ठेवून एका सुरात पिढ्या म्हणू लागला. काका मान डोलवत होते. शेवटी मूळपुरुष आला. नदीपल्याड पळसदेवकडचा. इथल्या सासऱ्याला पोरगा नव्हता, म्हणून घरजावई राहिला.

"कुणी सांगितलं रं तुला?"

"मालक, वहीत हाय ते वाचतो. माझ्या आज्यानं लिवलंय."

काका उठलेच. "गुंडाळ तुझं बाड!" पिढ्यान्‌पिढ्यांचा मान असलेला माणूस, पोरांसमोर त्याला हाकलला. घरजावई असणं एवढं लाजिरवाणं असेल, तर त्याच्या वाट्याची जमीन दोनशे वर्षं कशी गोड लागली?

टेम्पोपाशी जाऊन मी विचारलं, त्या बाईचं नाव काय? सासऱ्याचं होतं, जावयाचं होतं. जमीन जिच्यामुळं मिळाली तिचंच नव्हतं.

"बायांची नावं चढत न्हाईत, ताई."

म्हणजे माझंही चढायचं नाही. धरण मायनसमध्ये गेलं की जुन्या गावाची जोती उघडी पडतात, तेव्हा त्यातलं तिचं घर कुठलं असेल असं वाटत राहतं.

२०२३ मध्ये शिंदे समितीनं मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्या. काका तहसिलात गाव नमुना १४ ची, जन्म-मृत्यूची मोडी बुकं धुंडाळू लागले. नोंद सापडली, पण तो आपलाच पूर्वज हे जुळवायला वंशावळ हवी! आता हेळव्याचा फोन शोधतायत. दाखल्यात कुणबी, लग्नात मात्र पानिपतचे सरदार.

मीही काही वेगळी नाही. लेकाला रात्री पानिपतच सांगते. घरजावयाच्या गोष्टीत त्याला घोडे सापडत नाहीत.